चौदा मुली, चार कॉटेज: हडसनच्या निवासी शाळेत बातमी कशी फिरली

१९३२च्या शरद ऋतूत अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, हडसन गावच्या मुलींच्या निवासी शाळेतून दोन आठवड्यांत १४ मुली पळाल्या. अधूनमधून एखादी मुलगी पळणं तिथे नवं नव्हतं. पण हे प्रमाण नेहमीच्या सुमारे ३० पट होतं, असं पुढे या प्रकरणावर लिहिणाऱ्यांनी नोंदवलं आहे. असं काही घडलं की कुठल्याही वसतिगृहात पहिली धावाधाव ठरलेली असते. म्होरकी शोधायची. कुणी फूस लावली, कुणाची संगत वाईट, कुणाच्या घरचं वळण कसं, अशी चौकशी सुरू होते. ज्या मुलीबद्दल आधीपासूनच तक्रारी असतात तिच्याकडे बोट जातं आणि बाकीच्यांना दम भरून प्रकरण मिटतं.

हडसनचं प्रकरण एवढ्यावर मिटलं नाही, कारण तिथे जेकब मोरेनो नावाचे मनोविकारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकारी हेलन हॉल जेनिंग्ज काम करत होते. कोणत्या मुलीला कोण आवडते आणि कोण नावडते, याचे नकाशे त्यांनी काढले होते. पळालेल्या मुली त्या नकाशांवर शोधून पाहिल्यावर त्यांना वेगळंच चित्र दिसलं. चौकशी स्वभावावर अडली असती तर ते दिसलं नसतं.

आधी जागा समजून घेऊ. संस्थेचं नाव होतं ‘न्यूयॉर्क स्टेट ट्रेनिंग स्कूल फॉर गर्ल्स’. नावात शाळा असली तरी ते सुधारगृह होतं. राज्यभरातून न्यायालयाच्या हुकमाने किशोरवयीन मुली तिथे पाठवल्या जात. शाळा बुडवणं, घरच्यांचं न ऐकणं एवढंही त्यासाठी पुरे होई. १८८७ साली स्त्रियांसाठी म्हणून सुरू झालेली ही संस्था १९०४ पासून मुलींची झाली होती. मोरेनो आले तेव्हा तिथे ५००हून अधिक मुली होत्या. अधीक्षक होत्या फॅनी फ्रेंच मोर्स, जुन्या पद्धतीच्या तुरुंगी शिस्तीवर फारसा विश्वास नसलेल्या बाई. बाहेरच्या संशोधकांना इतकं मोकळं दार मिळालं ते त्यांच्यामुळे.

मुली १६ कॉटेजमध्ये विभागलेल्या होत्या. प्रत्येक कॉटेजला एक गृहमाता, स्वतःचं स्वयंपाकघर आणि त्यावर देखरेख करणारी बाई. जेवण घरातच शिजायचं. कामं मुलींमध्येच वाटलेली: कुणी वाढायला, कुणी स्वयंपाकात हाताखाली, कुणी कपडे धुवायला, कुणी व्हरांडे झाडायला. या घरांच्या बाहेर सगळ्यांना सामाईक असलेल्या जागा म्हणजे शाळेचे वर्ग, चॅपेल, रुग्णालय, वाफेवर चालणारी लाँड्री, दुकान आणि शेत.

बातमीच्या दृष्टीने ही मांडणी महत्त्वाची आहे. कॉटेजच्या आत मुली रात्रंदिवस एकत्र, त्यामुळे तिथे काहीच लपून राहत नाही. दोन कॉटेजच्या मुली मात्र वर्गात किंवा कामाच्या ठिकाणीच भेटणार, तेही कुणीतरी मोठं माणूस आसपास असताना. कार्यालयाकडून निघालेली सूचना गृहमातेकडे जाते आणि तिच्याकडून जेवणाच्या टेबलावर येते. उलट एका कॉटेजमधली गोष्ट दुसऱ्या कॉटेजमध्ये पोचायची तर ती कुणा ना कुणा मुलीच्या तोंडून, वर्ग किंवा लाँड्रीसारख्या जागेतूनच जायला हवी. सूचनांची वाट संस्थेच्या कागदावर होती. मुलींची वाट कागदावर नव्हती आणि ती कागदावर आणण्याचं काम मोरेनो-जेनिंग्ज यांनी केलं.

त्यांची पद्धत ऐकायला अगदी साधी. मुलींना सांगितलं गेलं की आत्ता तुम्ही ज्या घरात राहता ते संस्थेने ठरवलेलं आहे. निवड तुमच्या हातात असती तर तुम्ही कुणाबरोबर राहिला असता? तुमच्या कॉटेजमधली असो की दुसऱ्या, पसंतीच्या क्रमाने पाच नावं लिहा. नको असलेल्या मुलींबद्दलही विचारलं गेलं. मोरेनोंचा आग्रह असा की प्रश्नाला परिणाम हवा. नावं घ्यायची आणि फायलीत ठेवायची, असं नाही. शक्य तिथे त्या नावांप्रमाणे घरं बदलून द्यायची. माझ्या मते या पद्धतीचा कणा हाच आहे. ‘तुझी जिवलग मैत्रीण कोण?’ असं नुसतं विचारलं तर मुली शोभेलसं उत्तर देतात. ‘उद्यापासून कुणाशेजारी झोपणार?’ असं विचारलं की खरं नाव बाहेर येतं.

उत्तरांचे नकाशे झाले. मुलगी म्हणजे एक वर्तुळ, पसंतीची रेघ लाल आणि नापसंतीची काळी. दोघींनी एकमेकींना निवडलं की एकीनेच, हेही रेघेवरून कळायचं. या आकृतीला सोशिओग्राम म्हणतात आणि पद्धतीला समाजमिती. काही मुलींकडे चहूकडून रेघा येत होत्या आणि काहींकडे एकही नाही. काही कॉटेज स्वतःतच रमलेल्या दिसल्या, म्हणजे मुलींची पसंती बहुतेक घरातल्याच मुलींना. काही कॉटेजच्या रेघा भराभर बाहेर धावत होत्या. अशा घरातल्या मुली शरीराने तिथे राहत होत्या, पण कान दुसऱ्याच घराकडे लागलेले.

लाँड्रीचा नकाशा मला सगळ्यात बोलका वाटतो. तिथे सात मुली आणि एक मुकादमबाई काम करत. मोठ्या इस्त्रीयंत्राच्या एका बाजूने दोघी ओले कपडे आत सरकवायच्या, दुसऱ्या बाजूला दोघी बाहेर येणारे कपडे धरायच्या. सरकवणाऱ्या दोघींचं एकमेकींशी जमत होतं. धरणाऱ्या दोघी एकमेकींना नको होत्या. तासन्‌तास एकाच यंत्रावर उभ्या असलेल्या चौघींत एका बाजूला बोलणं चालू आणि दुसऱ्या बाजूला अबोला. वेळापत्रकाकडे पाहणाऱ्याला हे दिसणार नाही. त्याच्या लेखी चौघी ‘लाँड्रीत’ आहेत, एवढंच. लाँड्री हे कॉटेजच्या बाहेरचं कामाचं ठिकाण असल्यामुळे तिथल्या एका अबोल्याने एखादी वाट बंद होऊ शकते आणि एका जोडीने उघडू शकते. मोरेनोंना तिथे मुख्यतः कामातलं घर्षण दाखवायचं होतं. बातमीचा अर्थ त्यातून मी काढतो आहे.

आता मूळ प्रकरण. पळालेल्या १४ जणी १६ कॉटेजमध्ये विखुरलेल्या नव्हत्या. मोरेनोंच्या आकृतीत त्या चारच कॉटेजमध्ये आहेत: ३, ५, १० आणि १२ क्रमांकाच्या. आकृतीत प्रत्येकीची फक्त आद्याक्षरं आहेत आणि त्यांच्यामधून पसंतीच्या रेघा गेल्या आहेत, काही दुहेरी, काही एकेरी. घरातल्या घरात जोड्या आणि त्रिकूटं, आणि एका घरातून दुसऱ्या घरात जाणारी एखादी रेघ. साखळीच्या एका टोकाची मुलगी दुसऱ्या टोकाच्या मुलीला ओळखत असायलाच हवी असं नाही. मोरेनोंचं म्हणणं असं की पळणं हे प्रत्येकीच्या स्वभावापेक्षा किंवा गाऱ्हाण्यापेक्षा तिच्या जागेवर ठरलं. ती या जाळ्यात कुठे बसली होती, यावर ती पळणार का आणि केव्हा पळणार, हे अवलंबून होतं. त्यांच्या मते मुलींना स्वतःलाही याची जाणीव नसावी.

इथे मी जरा थांबतो. नेमकं काय गेलं त्या रेघांवरून?

‘अमकी पळाली’ ही बातमी तर सगळ्यांनाच कळली असणार. घरात जेवायला बसताना एक खुर्ची रिकामी दिसली की त्या घराला कळतं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्या आवाराला. त्यासाठी मैत्री लागत नाही. वाईट संबंध असले तरी अशी बातमी सांगितली जाते, किंबहुना जास्त चवीने सांगितली जाते. मग ५००हून अधिक मुलींना कळलं आणि १४च पळाल्या, असं का? कळण्याने कुणी पळत नाही, हे त्याचं उत्तर आहे. लांबच्या मुलीने केलेलं धाडस ही ऐकण्याची गोष्ट असते. रात्री जिच्याशी कुजबुजतो तिने केलं की तीच गोष्ट आपल्याला उद्देशून झाल्यासारखी वाटते. ‘ती गेली’ याच्या पोटात ‘तू का नाही?’ हा प्रश्न असतो आणि तो फक्त जवळच्या माणसाच्या बाबतीत ऐकू येतो.

पुढच्या संशोधनात या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या गेल्या. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवलं की नवी माहिती बहुतेकदा जुजबी ओळखीतून येते, कारण जवळच्या माणसांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही आधीच ठाऊक असतं. धोका पत्करण्याचं तसं नाही. १९६४च्या उन्हाळ्यात अमेरिकेतले तरुण कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी मिसिसिपीला गेले. अर्ज केलेल्यांपैकी कोण प्रत्यक्ष गेलं आणि कोण मागे राहिलं, याचा अभ्यास डग मॅकॅडम यांनी १९८६ साली प्रसिद्ध केला. मतं जवळपास सारखीच होती. फरक पडला तो जाणाऱ्यांपैकी कुणाशी घट्ट ओळख आहे की नाही यावरून. हडसनच्या मुलींना कोणतीही चळवळ करायची नव्हती, पण जोखमीचा हिशेब तोच आहे. पकडल्या गेल्या तर शिक्षा ठरलेली. अशा वेळी माहिती पुरत नाही, कुणीतरी आपलं माणूस आधी गेलेलं असावं लागतं.

म्हणून बातम्या पसरवणारी मुलगी हेरून तिला गप्प बसवल्याने अशी साखळी तुटत नाही. ती मुलगी बातमी सगळीकडे नेते, पण तिच्या सांगण्यावरून कुणी खिडकीतून उडी टाकत नाही. ज्यांच्यामुळे उडी टाकली जाते त्या बऱ्याचदा शांत आणि कार्यालयाच्या यादीत कुठेच नसलेल्या असतात.

मोरेनोंच्या निष्कर्षावर शंका घ्यायला मात्र भरपूर जागा आहे आणि ती घेतली पाहिजे. पहिली शंका अशी की त्यांच्या रेघा पसंतीच्या आहेत, बोलण्याच्या नाहीत. ‘हिच्याबरोबर राहायला आवडेल’ असं लिहिणं आणि ‘हिला मी सगळं सांगते’ या दोन निराळ्या गोष्टी. तुला बातम्या कुणाकडून कळतात, हा प्रश्न त्या चाचणीत नव्हता. चिठ्ठ्या मोजल्या नाहीत, निरोप टिपले नाहीत. वाटा दिसल्या, त्यांवरून गेलेलं काही दिसलं नाही. पसंती असेल तिथे बोलणं असेलच, हे गृहीत आहे. चांगलं गृहीत आहे, पण गृहीतच.

दुसरी शंका जास्त टोकदार आहे. सारख्या मुली एकमेकींना निवडतात. घरच्या ओढीने कासावीस झालेल्या दोघी एकमेकींकडे ओढल्या जातील आणि एकीने दुसरीला अवाक्षर न सांगताही दोघी पळतील. मग ती साखळी म्हणायची की दोन सुटे निर्णय? बाहेरून पाहताना हे वेगळं काढणं अवघड असतं. २०११ साली कॉस्मा शालिझी आणि अँड्र्यू थॉमस या संख्याशास्त्रज्ञांनी दाखवलं की नुसत्या निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासात संसर्ग (एकाचं पाहून दुसऱ्याने करणं) आणि सारखेपणा यांची गुंतवळ सहसा सोडवताच येत नाही. त्यात चार कॉटेज म्हणजे चार गृहमाताही आल्या. एखादीची शिस्त जाचक असेल, एखाद्या घरात त्याच सुमारास काही घडलं असेल, तरी पळणाऱ्या मुली त्याच घरांत गोळा झालेल्या दिसतील.

एवढं सगळं धरूनही मोरेनोंची बाजू मला म्होरकी शोधणाऱ्यांपेक्षा भक्कम वाटते, कारण वेळ त्यांच्या बाजूने आहे. जाचक शिस्त आज सुरू झाली नव्हती, घरची ओढही जुनीच. त्या दोनच आठवड्यांत एकीमागून एक मुली का गेल्या, हे स्वभाव सांगू शकत नाही. पहिल्या एक-दोघी का पळाल्या याचं कारण मात्र नकाशात सापडणार नाही. ते त्यांच्या आयुष्यातच शोधावं लागेल.

उपाय काय केला? नव्याने येणाऱ्या मुलींना कॉटेज देण्याची पद्धत बदलली. पूर्वी जागा असेल तिथे मुलगी टाकायची. आता नवी मुलगी आधी निरनिराळ्या गृहमातांशी बोलायची, मग जागा रिकामी असलेल्या कॉटेजच्या प्रतिनिधी मुलींशी. दोन्ही बाजूंनी पसंती नोंदवायची आणि त्यावरून घर ठरायचं. बातमीच्या अंगाने पाहिलं तर यात एक हुशारी आहे. पहिल्याच दिवशी त्या मुलीला घरात बोलायला किमान एक माणूस मिळतं, त्यामुळे तिची रेघ लगेच घराबाहेर धावत नाही. यानंतर पळून जाण्याचं प्रमाण हळूहळू उतरलं, असं मोरेनो सांगतात. ते खरंही असेल. पण तुलनेला दुसरा गट नव्हता आणि मोर्सबाईंच्या बाकीच्या सुधारणाही चालू होत्या, तेव्हा सगळं श्रेय एका चाचणीला देणं मला पटत नाही.

श्रेयाचाच विषय निघाला आहे तर जेनिंग्ज यांच्याबद्दल. १९३४ साली या कामावर मोरेनोंचं जाडजूड पुस्तक आलं आणि नाव त्यांचं झालं. समाजशास्त्रातल्या जाळ्यांच्या अभ्यासाचा इतिहास लिहिणारे लिंटन फ्रीमन यांनी एक गोष्ट पुढे आणली. काटेकोर मोजमापाची शिस्त मोरेनोंच्या कामात जेनिंग्ज सोबत असतानाच दिसते, आधी नाही आणि नंतरही नाही. १९४३ साली जेनिंग्ज यांनी हडसनच्याच मुलींवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. सगळ्यांच्या पसंतीच्या मुली कशा असतात, हे त्यांनी पाहिलं. त्या एकाच साच्याच्या नव्हत्या, पण बहुतेकींमध्ये एक गोष्ट होती: दुसरी कुणी एकटी पडली किंवा दुःखी असली की यांना चैन पडत नसे. माझ्या मते मोरेनोंच्या रंगीत नकाशांपेक्षा वसतिगृह चालवणाऱ्याला हे वाक्य अधिक उपयोगी पडेल. सगळ्या वाटा जिच्यापाशी येतात ती मुलगी बंडखोर किंवा बडबडी असण्यापेक्षा दुसरीची दखल घेणारी असण्याची शक्यता जास्त.

नकाशातली एक सीमारेषा मात्र मुलींनी आखलेली नव्हती. काळ्या मुलींच्या कॉटेज वेगळ्या होत्या. वर्गात आणि कार्यक्रमांत सगळ्या एकत्र येतात, असं मोरेनो लिहितात आणि गोऱ्या-काळ्या मुलींमधल्या जवळिकीची नोंदही करतात. तरी ही विभागणी त्यांनी वस्तुस्थिती म्हणून मांडली, प्रश्न म्हणून नाही. पुढे जगप्रसिद्ध झालेली गायिका एला फिट्झजेराल्ड १९३३ साली, म्हणजे पळापळीच्या पुढच्याच वर्षी, याच संस्थेत दाखल झाली होती. १९९६ साली न्यूयॉर्क टाइम्सने तिच्या आयुष्यातला हा कोपरा उजेडात आणला. काळ्या मुली दोन सर्वांत दाटीच्या, मोडकळीला आलेल्या कॉटेजमध्ये कोंबलेल्या होत्या आणि संस्थेचा गायनवृंद फक्त गोऱ्या मुलींचा होता, असं त्या वृत्तातून कळलं. गायनवृंद ही वेगवेगळ्या घरांतल्या मुली नेमाने भेटण्याची जागा. तिचं दार बंद म्हणजे गाणं तर गेलंच, इकडची खबर तिकडे पोचवणारी एक वाटही गेली. ‘कुणाबरोबर राहाल?’ हा प्रश्न विचारताना ज्यांच्याबरोबर राहणं नियमानेच अशक्य होतं त्यांच्याबद्दल मोरेनोंनी काय विचार केला असेल, हे मला कुतूहल आहे.

३ एप्रिल १९३३ रोजी न्यूयॉर्क टाइम्समध्ये मोरेनोंच्या तक्त्यांची बातमी आली. भावनांचा नवा भूगोल असा तिचा सूर होता. राज्याच्या वैद्यकीय परिषदेत हे तक्ते मांडले होते. अख्ख्या शहराचा, देशाचा असा नकाशा काढण्याची स्वप्नं मोरेनोंनी तेव्हा बोलून दाखवली. तक्त्यांवर मुलींची नावं नव्हती. पण हडसनच्या आवारात, कॉटेजचा क्रमांक आणि आद्याक्षरं एवढ्यावरून कोण कुणाला नको होती, हे ओळखायला कुणाला किती वेळ लागला असता? वर्गात अशी चाचणी घेणारे आजचे अभ्यासक नापसंतीचा प्रश्न वगळावा की नाही यावर बराच खल करतात. त्या प्रश्नाचं उत्तर मुलींच्या कानावर गेलं की ते स्वतःच एक बातमी होतं आणि ती थोपवता येत नाही. हडसनमध्ये ही उत्तरं अधीक्षकांच्या हातात होती. त्यांच्या आधारे मुलींना जवळ आणता येत होतं आणि नको त्या जोड्या दोन टोकांच्या कॉटेजमध्ये पाठवून तोडताही येत होत्या. मोर्सबाईंनी पहिला मार्ग धरला. तोच नकाशा कडक शिस्तीच्या अधीक्षकाच्या हाती पडला असता तर दुसरा धरला गेला असता.